पहिला कौल झोपेतला

आमच्या घरमालकांच्या देवाला नाव नव्हतं. ओटीवरच्या भिंतीत एक कोनाडा, त्यात वीतभर उंचीचा काळा दगड, वरच्या अंगाला शेंदूर. भाताच्या खाचरात नांगराला लागला म्हणून घरी आणलेला. हा कोणता देव, असं मी राहायला गेले त्याच दिवशी विचारलं, तर ते म्हणाले, "इचारलं नाय कदी. एवढ्या वर्सांची वळख, आता नाव इचारलं तर बरं दिसत नाय."

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली विज्ञानाची शिक्षिका होते. शहापूरहून डोळखांबकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात हायस्कूल होतं, तिथे नेमणूक झालेली. कल्याणला वाढलेली, पाठ्यपुस्तकावर नको इतका विश्वास असलेली, आणि या तालुक्यातली अंधश्रद्धा येत्या दोन-तीन वर्षांत मी एकटी निपटून टाकणार, अशी खात्री बाळगून असलेली. गावात राहायला खोली मिळेना. शेवटी मिळाली ती प्रत्येक गोष्ट देवाला कौल लावून ठरवणाऱ्या माणसाच्या घरात. याला नशीब म्हणतात, पण विज्ञानाच्या शिक्षकाला तेही म्हणायची सोय नाही.

कौल असा असायचा. त्या दगडाला दोन बाजूंना खांद्यासारखे दोन फुगवटे होते. प्रत्येक खांद्यावर पाण्यात बुडवलेला तांदळाचा एकेक दाणा चिकटवायचा, हात जोडून प्रश्न विचारायचा आणि वाट बघत बसायचं. उजवा दाणा आधी पडला तर देव हो म्हणाला, डावा आधी पडला तर नाही म्हणाला. आता कौल काय, कोकणपट्टीत लोक लावतातच. कोणी लग्न ठरवताना लावतं, कोणी विहीर खणताना. आमचे मालक दुसऱ्या कप चहासाठी लावायचे.

मी त्यांना मालकच म्हणायची. त्यांना ते फार आवडायचं, कारण ते आटगावच्या बाजूला प्लास्टिकचे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात होते आणि तिथे त्यांना कोणी 'ए' यापलीकडे काही म्हणत नसे. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायची. मावशी मुरबाडकडच्या. मुलगी लग्न करून भिवंडीच्या बाजूला दिलेली, त्यामुळे घरात ही दोघं, पाच-सहा कोंबड्या आणि देव.

"दुसरा कप घेऊ का?" हा झाला सकाळचा प्रश्न. मग दिवसभर: आज सुकट करायची का? दुपारी जरा पडू का? वाडीत शेवळं, ती पहिल्या पावसाची रानभाजी, आलीत म्हणतात, ती आणायला जाऊ, का कामावर जाऊ? खाचरात चिंबोऱ्या निघाल्यात, आज सोमवार आहे, पण चिंबोरी ही मच्छीत धरायची की नाही? एकदा तर शेजाऱ्याने दिलेला फणस कापा आहे की बरका, हेसुद्धा त्यांनी कापायच्या आधी देवाला विचारलं. मी म्हटलं, "कापून बघा ना." ते म्हणाले, "कापल्यावर काय, कोन पन सांगंल."

आणि देव नाही म्हणाला तर? डावा दाणा आधी पडला तर मालक अजिबात नाराज होत नसत. "पयला कौल झोपेतला," असं म्हणून ते दोन नवे दाणे घ्यायचे. "आत्ता तर जाग आली त्याला. सवालच कळला नसंल." दुसऱ्या खेपेला उजवा दाणा आधी पडायचा. नेहमीच.

हे गौडबंगाल मी चौथ्या दिवशी पकडलं. पहिल्या खेपेला ते दोन्ही दाणे सारखे बुडवत. दुसऱ्या खेपेला डावा दाणा वाटीत चांगला भिजू देत आणि उजव्याला नुसतं ओलं बोट लावत. कमी पाणी लवकर वाळतं, वाळलं की दाणा सुटतो. मला कोण आनंद झाला. मी त्यांना ओटीवर बसवून बाष्पीभवन समजावलं, पाण्याने दाणा दगडाला का धरून राहतो ते समजावलं, वारा लागला की ओलं लवकर का वाळतं तेही समजावलं. दहावीच्या वर्गात माझं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलेलं नव्हतं. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "म्हंजे देव पान्यातून बोलतो. बरं झालं सांगितलंत."

"मालक, ही लबाडी आहे," मी म्हटलं.

"लबाडी कसली, बाई? वर्गात पोराला उत्तर येत नसलं तर तुमी पयलं अक्षर सांगता का नाय? मी देवाला पयलं अक्षर सांगतो."

मी पहिलं अक्षर सांगते हे खरंच होतं, आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी तर मी संपूर्ण उत्तर सांगितलं होतं. ते त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

पावसाळ्यात मात्र देवाची पंचाईत व्हायची. तानसाच्या बाजूने ढग आत घुसले की आमच्याकडे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे तांदळाचा दाणा काय वाळणार? दोन्ही दाणे दोन्ही खांद्यांवर गुपचूप बसून राहायचे. मालक समोर मांडी घालून, चहा गार. मावशींना हे सगळं पाठ होतं. त्या कप त्यांच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "तो बोलंल तवा बोलंल, तुमी प्या. मागनं इचारा." स्वतः मावशी रोज सकाळी कोनाड्यात दिवा लावायच्या, हात जोडायच्या आणि काहीही न विचारता वळायच्या. मी एकदा त्यांना कारण विचारलं, तर मालकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आमा मुरबाडच्या मानसांना कळतं चहा कवा प्यायचा."

मालकांचा एक कडक नियम होता. मोठी गोष्ट देवाला विचारायची नाही. त्या कारखान्याचं तेव्हा काही खरं नव्हतं. हा महिना चालू, पुढचा बंद. फाटकावर कागद लागायचा, माणसं वाचून परत यायची, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावणं यायचं. आसपासचे बरेच कारखाने असेच आचके देत होते. एका उन्हाळ्यात कागद लागला तो निघेचना. तेव्हा कारखान्यातले दहा-बाराजण सकाळीच ओटीवर येऊन बसले. मालकांचा देव नेहमी हो म्हणतो, ही कीर्ती तोवर आटगावपर्यंत गेलेली होती, आणि का म्हणतो ते काही तिथवर गेलं नव्हतं. एरवी 'ए' म्हणणारे आता म्हणत होते, "दादा, कौल लावा. कंपनी चालू होनार का, तेवढं इचारा."

मालकांनी खूप टाळाटाळ केली. देवाला बरं नाही असंसुद्धा सांगून पाहिलं. शेवटी उठले, दाणे लावले, डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी पुटपुटले. उन्हाळाच होता, पाच मिनिटांत उजवा दाणा टपकन पडला. सगळे एकदम उभे राहिले, एकाने दुसऱ्याला मिठी मारली.

"बसा," मालक म्हणाले. "मी इचारलं, यांना चहा पाजू का? तो व्हय म्हनला."

त्यानंतर ओटीवर जे शब्द उच्चारले गेले ते मी माझ्या खोलीच्या दाराआडून ऐकले आणि तिथेच सोडून दिले. पण चहा सगळ्यांनी घेतला. मावशींनी शेजारून दूध आणलं, मालकांनी आतून बिस्किटांचा पुडा काढला, आणि तासाभराने तीच माणसं फाटकावरच्या कागदाची नक्कल करून हसत होती. पुढे दीड महिन्याने कारखाना खरंच चालू झाला. गावाने त्याचं श्रेय चहाला दिलं. वर्षभरात तो कायमचा बंद पडला, तेव्हा मात्र मालकांना कोणी काही बोललं नाही. ते स्वतः शेतीत जास्त वेळ घालवू लागले आणि दुपारी झोपण्याबद्दल देवाला विचारणं वाढलं.

मी एकदा विचारलं, मोठं का नाही विचारत? कोंबड्यांना दाणे टाकता टाकता ते म्हणाले, "छोटं इचारलं आनी त्यानं चुकीचं सांगितलं, तर काय, एक कप चहा गेला. मोठं इचारलं आनी चुकलं, तर मंग मी उद्या त्याच्यासमोर कसा बसू? तोंड चुकवत फिरायचं का घरातल्या घरात?"

मला हे तेव्हा विनोदी वाटलं होतं. घरी कल्याणला गेले की मी हे किस्से रंगवून सांगायची, मालकांचा आवाज काढून. लोक पोट धरून हसायचे.

मग मावशी आजारी पडल्या. पोटात दुखायचं, रक्त जायचं. आषाढात आम्ही त्यांना शहापूरला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी ठाण्याला पाठवलं. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं की पिशवीत गाठ आहे, ऑपरेशन करून काढायला हवी, थांबलात तर जिवावर बेतेल. मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं, परत आल्या आणि चुलीपुढे बसल्या. ऑपरेशन करणार नाही म्हणाल्या. त्यांची धाकटी बहीण अशीच मुरबाडहून मोठ्या दवाखान्यात गेली होती आणि परत आली नव्हती. "ती चालत गेली होती," एवढंच त्या म्हणायच्या. "सवताच्या पायानं चालत गेली."

श्रावण गेला. मावशी पांढऱ्या पडत चालल्या. जिना चढल्यासारखा त्यांना ओटीच्या दोन पायऱ्यांचा दम लागायचा. मुलगी येऊन रडून गेली. मी रोज शाळेतून आले की समजावत होते, शास्त्र सांगत होते, आकृती काढून दाखवत होते. मावशी आकृती बघायच्या आणि म्हणायच्या, "छान काढली." मालकांनी दुसरा कप विचारायचं बंद केलं. सुकटही विचारली नाही. एकदा मी त्यांना कोनाड्यासमोर उभं असलेलं पाहिलं, हातात दाण्यांची वाटी, आणि ते ती तशीच खाली ठेवून बाहेर गेले. त्यांना भीती वाटत होती. मलाही वाटत होती.

भाद्रपदात एका सकाळी मावशी स्वतःच म्हणाल्या, "मी जाईन. पन त्यानं सांगितलं तर." आणि कोनाड्याकडे बोट केलं.

मालक लगेच उठले. "लावतो."

"तुमी नको. तुमच्या हातानं तो चहालासुदीक व्हय म्हनतो. मला खरा कौल पायजे." मावशी माझ्याकडे वळल्या. "बाई लावतील."

"मी?" मला हसावं की रडावं कळेना. "मावशी, माझा यावर विश्वास नाही."

"म्हनून तर. तुमचा इश्वास नाय, तुमी कशाला लबाडी कराल?"

सात-आठ वर्षं मी त्या ओटीवर ज्याची टिंगल केली त्या दगडासमोर मी पाटावर बसले. आदल्याच दिवशी वर्गात मी मुलांना सांगितलं होतं की निरीक्षण करणाऱ्याने प्रयोगात ढवळाढवळ करायची नसते. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांचे डोळे माझ्या हातांवर. मी वाटीत दोन दाणे टाकले. आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, डावा दाणा चांगला भिजू दिला आणि उजव्याला नुसतं ओलं बोट लावायला गेले.

पण माझा हात थरथरला. बोटावरचा थेंब उजव्या दाण्यावर ओघळला आणि तोही डाव्याइतकाच चिंब झाला. आता काढून पुसायची सोय नव्हती, मावशी बघत होत्या. दोन्ही दाणे दोन्ही खांद्यांवर बसले. "इचारा," मावशी म्हणाल्या, आणि मी मोठ्याने विचारलं, "मावशींनी ऑपरेशनला जावं का?"

बाहेर झड लागलेली. हवा इतकी दमट की भिंतींना पाझर सुटलेला. हे दाणे केव्हा वाळणार आणि कोणता आधी वाळणार, याचा मला काही अंदाज करता येईना. अर्धा तास गेला. एक कोंबडी ओटीवर आली, तिची नजर दाण्यांवर गेली, मी तिला हाकललं. मी चक्क मनात म्हणत होते, पड रे बाबा, उजवा पड. कोणाला म्हणत होते ते विचारू नका.

दाणे लागेपर्यंत बघून मालक उंबऱ्यावर जाऊन बसले होते, देवाकडे पाठ करून. मग ते उठले. "काय उकडतंय," म्हणाले. भाद्रपदातल्या झडीत, घोंगडी पांघरायची वेळ, आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून वारा घ्यायला सुरुवात केली. वारा घेत घेत ते सरकत सरकत कोनाड्यापाशी आले. दगडाच्या उजव्या अंगाला उभे राहिले आणि तिथेच पंचा हलवत राहिले. वारा लागला की ओलं लवकर वाळतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. इतका चांगला विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

कितीतरी वेळाने उजवा दाणा पडला. इतका हळू की पडलेला ऐकूसुद्धा आला नाही.

मावशींनी आधी दगडाकडे पाहिलं, मग मालकांच्या पंचाकडे, मग माझ्याकडे. "बरं," त्या म्हणाल्या. "शनवारी जाऊ."

मालक मागच्या पडवीत जाऊन तोंड धुवू लागले. बराच वेळ धूत होते. मी पाणी घ्यायला गेले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. खाली बघत म्हणाले, "बाई, डाव्याला पानी बरोबर होतं. उजव्याला जास्त झालं. हात कापतो पयल्यांदा. सवय लागते."

ठाण्याला ऑपरेशनच्या दिवशी मीही गेले होते. दवाखान्याच्या बाकावर मालक हात मांडीखाली दाबून बसले होते. मी म्हटलं, चहा आणते. नको म्हणाले. पुन्हा म्हटलं, तरी नको. "इथं कोनाला इचारू?" तीन तास त्या माणसाने चहाला स्पर्श केला नाही. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सगळं ठीक झालं म्हणाल्या, तेव्हा ते खाली टपरीवर गेले आणि लागोपाठ तीन कप प्याले, कोणालाही न विचारता. मग माझ्याकडे बघून जरा ओशाळले. "घरी गेल्यावर सांगीन त्याला," म्हणाले.

पुढे माझी बदली झाली. लग्न, संसार, दुसरी शाळा. मी अंधश्रद्धेवर भाषणं द्यायची, अजून देते, फक्त कौलाचा किस्सा सांगणं मात्र बंद केलं. मालक गेल्याची बातमी मला उशिरा कळली. मी गेले तोवर महिना झाला होता. मावशी ओटीवर तांदूळ निवडत होत्या, अंगाने भरलेल्या, केस पिकलेले. मालक दुपारी झोपेतच गेले म्हणाल्या. "इचारून झोपले होते. तो व्हय म्हनला होता." आणि पदर तोंडाला लावून एकाच वेळी हसल्या आणि रडल्या.

चहा झाला. मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात होतं ते सांगून टाकलं: मावशी, तेव्हा मी डाव्या दाण्याला मुद्दाम जास्त पाणी लावलं होतं.

"ठावं हाय," त्या तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या.

"मग तुम्ही गेलात कशा?"

"कवा देवाला हात न जोडनारी तुमी, पाटावर बसून थरथर कापत होता. आनी ह्यांनी आख्ख्या जन्मात मला कदी वारा घातला नाय, ते त्या दगडाला पंच्यानं वारा घालत होते. मंग म्हटलं, आता नाय गेली तर ह्या दोघांना काय तोंड दाखवू?" त्या सूप झटकून उठल्या. "आनखी एक कप घ्याल?"

मी म्हटलं नको, शहापूरच्या गाडीची वेळ होत आली. मावशींनी नुसतं कोनाड्याकडे पाहिलं. वाटी तिथेच होती, पाणीही होतं. मी उठले, दोन दाणे सारखे बुडवले, प्रामाणिकपणे लावले आणि विचारलं. ऊन चांगलं होतं. डावा दाणा आधी पडला.

"पयला कौल झोपेतला," मावशी म्हणाल्या आणि आधण ठेवायला आत गेल्या. मी सुपातले आणखी दोन दाणे घेतले, वाटीत टाकले, आणि डावा जरा जास्त वेळ भिजू दिला.